डार्विन यांचा पत्रव्यवहार, मुळाबरहुकूम आणि विनामूल्य

केंब्रिज विद्यापीठातील डार्विन पत्रव्यवहार प्रकल्पाचे संकेतस्थळ मी गेले काही महिने नियमितपणे वापरत आहे, आणि उत्क्रांतिवादाने तत्त्वज्ञानापुढे कोणते प्रश्न उभे केले हे मुळातून समजून घेऊ इच्छिणाऱ्यांना ते मी आग्रहाने सुचवेन. चार्ल्स डार्विन यांनी लिहिलेली आणि त्यांना आलेली १५,००० हून अधिक पत्रे येथे तारखांसह आणि टिपांसह वाचता येतात. त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही. प्राणिशास्त्रज्ञ सिडनी स्मिथ यांच्यासह १९७४ मध्ये हे काम सुरू करणारे फ्रेडरिक बर्कहार्ट मूळचे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

या सेवेचे खरे मोल ३ जुलै १८८१ रोजी ‘द क्रीड ऑफ सायन्स’ या पुस्तकाचे लेखक विल्यम ग्रॅहम यांना लिहिलेल्या पत्रावरून कळते. माणसाचे मन जर खालच्या दर्जाच्या प्राण्यांच्या मनातून विकसित झाले असेल, तर त्याच्या ठाम समजुतींवर विश्वास कितपत ठेवावा, अशी भयंकर शंका डार्विन तेथे व्यक्त करतात. ही शंका तत्त्वज्ञानाच्या चर्चांमध्ये वारंवार उद्धृत होते आणि तिच्या आधारे उत्क्रांतिवाद स्वतःचाच पाया उखडतो असेही मांडले जाते. संपूर्ण पत्र वाचल्यावर मात्र दिसते, की त्याआधीच्या वाक्यात विश्व हे केवळ योगायोगाचे फळ नाही, अशी आपली आंतरिक धारणा असल्याचे ते मान्य करतात आणि शंका येते ती त्या धारणेविषयी. म्हणजे अविश्वास आहे तो विश्वाच्या मूळ कारणाविषयीच्या अंतःप्रेरणेवर. निरीक्षण आणि पुराव्याने तपासलेल्या ज्ञानावर नव्हे. तेवढ्या एका वाक्यासाठीही हे संकेतस्थळ उघडावे. त्याच पत्रात तथाकथित खालच्या वंशांच्या उच्छेदाविषयी आज वाचवत नाही असा मजकूर आहे, आणि तो कोठेही गाळलेला नाही, हे मी संपादकांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानतो.

अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना २२ मे १८६० रोजी लिहिलेले पत्रही अवश्य वाचावे. सुरवंटाच्या जिवंत शरीरात वाढणाऱ्या गांधीलमाशीसारख्या कीटकांचा दाखला देऊन दयाळू निर्मात्याच्या योजनेविषयीची अडचण तेथे मांडली आहे.

शोध घेताना एक सावधगिरी बाळगावी. त्या काळी ‘फिलॉसॉफिकल’ हा शब्द बहुधा शास्त्रीय या अर्थाने वापरला जात असे, त्यामुळे केवळ त्या शब्दाने शोधल्यास भलतीच पत्रे हाती लागतात. त्यापेक्षा व्यक्तीच्या नावाने शोधावे: ग्रे, ग्रॅहम, आणि ॲरिस्टॉटलचे भाषांतरकार विल्यम ऑगल. ऑगल यांचे भाषांतर चाळून फेब्रुवारी १८८२ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या दोन महिने आधी, डार्विन त्यांना कळवतात, की लिनियस आणि क्यूव्हिए (दोघेही नामवंत निसर्गशास्त्रज्ञ) ही आजवरची माझी दैवते, पण वृद्ध ॲरिस्टॉटलपुढे ती दोघेही शाळकरी मुले होत.