नवी म्हणून घेतलेली ८ टीबीची डिस्क ३१ हजार तास वापरलेली निघाली

लग्नाच्या शूटिंगमुळे घरचा पीसी तुडुंब भरला होता. ८ टीबीची इंटर्नल डिस्क घ्यायला गेलो, तर तेवढ्याच क्षमतेची एक्स्टर्नल साडेतीन हजारांनी स्वस्त. दुकानदार म्हणाला, "साहेब, आत तीच डिस्क असते. केसिंग काढा, सेटा केबल (पीसीच्या आत डिस्क जोडतात ती) लावा, झालं." यात खोटं काही नव्हतं. २०११ च्या थायलंडमधल्या पुरानंतर डिस्क महागल्या तेव्हाही लोकांनी हाच मार्ग धरला होता. पण हा गडी घरी जाऊन डबा फोडणार, हे त्याला तिथेच कळलं.

पक्कं बिल मागितलं तर १८ टक्के जीएसटी वर. मग साधी चिठ्ठी घेतली, सिरियल नंबर नसलेली. ही हाव माझीच.

घरी जुन्या एटीएम कार्डाने केसिंग उचकटलं. दोन क्लिपा तुटलेल्या दिसल्या. वाटलं, माझ्याच हातून तुटल्या. अशा काही डिस्कना पॉवरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट मिळाले की त्या फिरतच नाहीत, म्हणून लोक तिथे कॅप्टॉन टेप, म्हणजे वीज अडवणारी पातळ चिकटपट्टी, लावतात. मी टेप आणून ठेवली होती. डिस्क टेपशिवायच फिरली आणि मी खूश! (अडीच इंची छोट्या डिस्कच्या तर वाटेलाच जाऊ नका. बऱ्याचशांत यूएसबीचं तोंड थेट बोर्डावरच असतं, सेटाला जागाच नसते.)

फाइली टाकायला लागलो. सुरुवातीला वेग झकास, तासाभरात सेकंदाला १२ एमबीवर. डिस्क एसएमआर निघाली. यात डेटाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची ओळही उचलावी लागते. खोक्यावर याचा उल्लेख नव्हता.

शंका आली म्हणून डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर लावलं. वापर ३१ हजार तासांच्या वर, म्हणजे साडेतीन वर्षं अखंड. रिअलोकेटेड सेक्टरसमोर (म्हणजे खराब झाल्याने बदली जागा दिलेले भाग) पिवळी खूण. डिस्कच्या लेबलवरची तारीख चार वर्षांपूर्वीची, खोक्यावरची याच वर्षाची. क्लिपा कोणी तोडल्या, ते आता समजलं.

दुकानात गेलो. "केसिंग तुम्ही फोडलंत. आतली डिस्क तुम्हीच बदलली नाही कशावरून?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सर्व्हिस सेंटरनेही उघडलेला डबा वॉरंटीत बसत नाही म्हणून हात वर केले.

न उघडता यूएसबीला लावून पाच मिनिटं तेच सॉफ्टवेअर चालवलं असतं, तर तासांचा आकडा बहुतेक तिथेच दिसला असता, आणि डबा शाबूत असता. उघडायचाच असेल तर आधी पूर्ण डिस्क एकदा लिहून तपासा. ८ टीबीला दिवसभर तरी लागतोच. मग कॅमेरा चालू ठेवून, खोक्यावरची तारीख दाखवून उघडा.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. पहिला प्रश्न: बिल आहे का? चिठ्ठीचा फोटो पाठवलाय.