स्पोर्ट्स फिजिओकडची बॉडी असेसमेंट: मोजमाप झकास, पॅकेज नको रे बाबा

सुरुवात टेलरकाकांपासून झाली. शर्टचं माप घेताना म्हणाले, साहेब उजवा खांदा उतरलाय तुमचा. आता 14 वर्षं उजव्या हाताने बॅडमिंटन खेळतोय म्हटल्यावर होणारच ना, पण स्मॅश मारताना खांदा दुखायलाही लागलेला, म्हणून घराजवळच्या एका क्लिनिकमधे 1800 भरून तपासणी केली. नाव टाकत नाही.

तपासणाऱ्या मॅडम एक नंबर. उताणं झोपवलं, कोपर काटकोनात धरून हात आत वळवला, तर उजवा 42 अंशांवर अडकला आणि डावा आरामात 65. मी म्हटलं झालं, खांदा कामातून गेला. तर त्या म्हणाल्या थांबा, बाहेरच्या बाजूला बघू, तिकडे उजवा 105 आणि डावा 95. म्हणे डोक्यावरून हात फिरवणाऱ्यांचं असंच असतं, लहानपणापासून खेळलेल्यांचं तर दंडाचं हाडच थोडं पिळलेलं राहतं, ते सरळ करायच्या फंदात पडायचं नसतं, आत-बाहेर मिळून बेरीज बघायची. माझी उजवीकडे 147, डावीकडे 160. हे 13 अंश कमी पडतायत म्हणून कुशीवर झोपून हात हळू खाली दाबायचा स्ट्रेच दिला. मग एका पायावर उड्या. नेटजवळ नेहमी उजवाच पाय पुढे जातो ना, त्यामुळे उजवा दणकट आणि डाव्यावर उतरताना गुडघा लटपटतो, हे मला कधी कळलंच नव्हतं.

इथपर्यंत पैसा वसूल.

मग काउंटरवरच्या भाऊने माझ्या फोटोवर लाल रेषा मारून दाखवल्या, खांदा 2 सेंटीमीटर खाली, 24 सेशन घ्या, 21,600, वर बुटातले सोल वेगळे. दुखणं जाईल का विचारलं तर म्हणतो, सर सिमेट्री येईल. अरे, टेनिसवाल्या रॉड लेव्हरचा डावा हात उजव्यापेक्षा चांगलाच जाड होता, त्याच हाताने विम्बल्डन जिंकला की तो! बाजूला एक फास्ट बोलर पोरगा कमरेला पट्टा लावून बसलेला, उजव्या हाताने टाकतो आणि दुखतं कमरेत डावीकडे, त्याला खरी गरज होती, त्याच्या बाबांनाही असाच लाल रेषांचा फोटो दाखवत होते.

पॅकेज घेतलं नाही. स्ट्रेच आणि डाव्या पायाचे स्क्वॉट्स घरीच करतोय, सहा आठवड्यांत दुखणं बरंच कमी आहे, खांदा अजून उतरलेलाच. मोजणीला साडेचार स्टार, काउंटरला एक. जाताना हाफ पँट न्या, जीन्समधे उड्या मारता येत नाहीत, आणि शनिवारी जाऊ नका, दीड तास बसवतात.