पट्टी सोडून बघितली असती तर…

कलम म्हणून घेतलेली आंब्याची दोन्ही झाडं साधी कोयीची रोपं निघाली, हे कळायला मला चार वर्षं लागली. पैसे गेले ते गेलेच, पण झाडामागची चार वर्षं परत कुठून आणायची? कुणाचं तरी एवढं वाचावं म्हणून लिहितेय.

गाडीत रोपं घेऊन दारात आलेला तो माणूस बोलायला फार गोड होता. त्याच्याकडून आंब्याची दोन आणि चिकूचं एक अशी तीन कलमं घेतली. आंब्याच्या बुंध्याला मातीच्या वर वीतभर उंचीवर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळलेली होती. "ताई, ही दोन वर्षं सोडू नका, जोड निखळेल. आणि पहिली तीन वर्षं मोहोर आला तर खुडून टाका." यातली दुसरी गोष्ट अगदी बरोबर आहे, लहान कलमावर फळ धरू देत नाहीत. त्या खऱ्या सल्ल्यामुळेच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

झाडांचं सगळं मनापासून केलं. खड्ड्यात कुजलेलं शेणखत घातलं, काठीचा आधार दिला, उन्हाळ्यात पाचोळ्याचं आच्छादन केलं, तेही बुंध्यापासून चार बोटं लांब, नाहीतर साल कुजते. आंबे जोमाने वाढले. मोहोराचा मात्र पत्ता नाही. कलमाला तीन-चार वर्षांत तो सहसा दिसतोच. दोन वर्षं उलटल्यावरही पट्टी सोडायचा मला धीर झाला नाही.

शेवटी कलमं बांधणारे ओळखीचे एक काका आले. त्यांनी चाकूने पट्टी कापली. खाली बुंध्याला करकोचा पडला होता, पण त्याच्या वर आणि खाली साल एकसारखी, सलग. जोडाचा फुगवटा नाही, तिरपी रेघ नाही, सालीच्या रंगात फरक नाही. कलम केलेलंच नव्हतं, नुसती पट्टी गुंडाळली होती. काका म्हणाले, पट्टी जोड धरेपर्यंतच लागते, काही महिन्यांत ती काढायचीच, नाहीतर गळफास बसतो.

चिकूचं वेगळंच. चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या खालच्या रोपावर बांधतात. आमच्या झाडावर सगळी पानं टोकाला खाच असलेली, म्हणजे खिरणीचीच. वर जोडलेली चिकूची काडी केव्हाच मेली होती आणि मी खुंटाची फूट वाढवत बसले होते!

घेताना पट्टी सोडून दाखवायला सांगा. जोड पक्का झालेला असेल तर विकणाऱ्याला भीती नसते. जोडावरून अंगठा फिरवा, उंचवटा लागतो. पानं जोडाच्या वरूनच फुटलेली हवीत. लावल्यावरही जोडाखाली येणारी फूट दिसेल तेव्हा काढत राहा. मुळांकडे बघायचं मी तेव्हा विसरलेच. पिशवीत गोल गोल वेटोळं झालेली मुळं जमिनीत गेल्यावरही तशीच फिरत राहतात.

त्या माणसाचा फोन लागत नाही.

आंब्याचं एक झाड काकांनी छाटलं आणि नव्या फुटींवर खात्रीच्या झाडाच्या सहा काड्या बांधल्या. चार धरल्या आहेत. त्यांच्या पट्ट्या सोडायला काका पुढच्या महिन्यात येणार आहेत, आणि या वेळी मी शेजारी उभी राहून बघणार आहे.