सर्ज एक्सटीमधील एलएफओ: स्थिर आवाजाला हलते करणारे मोफत साधन

सिंथेसायझरवर एखादा स्वर धरून ठेवला आणि त्यात काहीच हलले नाही, तर थोड्याच वेळात कान त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागतो. ही हालचाल आणण्याचे जुने आणि आजही अत्यंत उपयोगी साधन म्हणजे लो फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर, अर्थात एलएफओ. साधारणपणे २० हर्ट्झपेक्षा मंद गतीने फिरणारी ही लहर स्वतः ऐकू येत नाही, पण तिच्या चढउताराबरोबर आवाजाचा दुसरा एखादा गुणधर्म बदलत राहतो. ती स्वराच्या उंचीला जोडली तर व्हायब्रॅटो मिळतो, आवाजाच्या पातळीला जोडली तर ट्रेमोलो, आणि फिल्टरच्या कटऑफला (ज्या मर्यादेपलीकडचे आवाजाचे अंश फिल्टर गाळतो तिला) जोडली तर आवाज उघडत-मिटत राहतो. १९७० साली आलेल्या मिनीमूग या सिंथेसायझरमध्ये या कामासाठी वेगळा एलएफओ नव्हता. तिसरा ऑसिलेटर (स्वराची लहर निर्माण करणारा भाग) मंद गतीवर नेऊन त्याच्याकडून ते करून घ्यावे लागे आणि मग स्वरासाठी दोनच ऑसिलेटर उरत. सर्ज एक्सटी या पूर्णपणे मोफत सिंथेसायझरमध्ये प्रत्येक सीनला (एका संपूर्ण आवाजाच्या स्वतंत्र मांडणीला) बारा एलएफओ मिळतात आणि असे दोन सीन असतात. या संख्येपेक्षाही मला त्यांची मांडणी अधिक मोलाची वाटते.

सर्ज हे मूळचे क्लेस योहान्सन यांचे, व्हेम्बर ऑडिओ या नावाखाली विकले जाणारे उत्पादन. २०१८ साली त्याचा सोर्स कोड खुला झाला, तेव्हापासून स्वयंसेवकांचा एक गट ते पुढे नेत आहे, आणि एक्सटी ही नव्याने बांधलेली आवृत्ती २०२२ साली आली. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते, आणि रीपरसारख्या संगीत-ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगइन म्हणून किंवा स्वतंत्रपणेही उघडता येते.

बारापैकी सहा एलएफओ व्हॉइसचे आणि सहा सीनचे आहेत, आणि हा फरक एकदा उमगला की निम्मे सर्ज समजले असे मी म्हणेन. व्हॉइस एलएफओ प्रत्येक वाजलेल्या स्वरासाठी स्वतंत्रपणे चालतो. तीन स्वरांची कॉर्ड धरली तर एकाच एलएफओच्या तीन प्रती धावू लागतात, आणि सुरुवातीचा बिंदू यादृच्छिक ठेवला तर त्या तिघी वेगवेगळ्या ठिकाणांहून निघतात, त्यामुळे अनेक माणसे एकत्र गात असल्यासारखा भरीवपणा येतो. सीन एलएफओची मात्र एकच प्रत चालते. तो साऱ्या स्वरांना एकाच वेळी उचलतो आणि एकाच वेळी खाली आणतो, म्हणून संपूर्ण पॅडचा (लांब धरलेल्या पार्श्वस्वरांचा) फिल्टर हळूहळू उघडायचा असेल तेव्हा तोच योग्य. इफेक्टना जोडण्यासाठीही सीन एलएफओच लागतो. नवख्या माणसाला हे बंधन जाचक वाटेल, परंतु सर्व स्वरांचा आवाज एकत्र मिसळल्यानंतर तो रिव्हर्बसारख्या (घुमारा देणाऱ्या) इफेक्टपर्यंत पोहोचत असल्याने तिथे कोणत्या स्वराची लहर ऐकायची, हा प्रश्न उरतोच. सर्जने तो संदिग्ध ठेवला नाही, हे मला पटते.

याहून अधिक आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक एलएफओला स्वतःचे एन्व्हलप, म्हणजे परिणाम वेळेनुसार कसा वाढावा-घटावा हे ठरवणारी रेषा, आहे. गायक किंवा व्हायोलिनवादक स्वर लागल्या क्षणी कंप देत नाही. आधी स्वर सरळ लागतो आणि मग त्यात कंप हळूहळू भरतो. सर्जमध्ये त्यासाठी वेगळी खटपट करावी लागत नाही. साइन (गुळगुळीत, समान चढउताराची) लहर घ्यावी, गती साडेपाच हर्ट्झच्या आसपास ठेवावी, डिले (कंप सुरू होण्याआधीची थांबण्याची वेळ) अर्ध्या सेकंदाच्या आत, अटॅक (कंप पूर्ण भरण्याची वेळ) त्याहून थोडा लांब, आणि स्वराच्या उंचीवरील परिणाम सेमीटोनच्या एक-तृतीयांशाहून अधिक जाऊ देऊ नये. एवढ्याने साध्या, करवतीच्या दात्यांसारख्या सॉ लहरीचा आवाजसुद्धा वाजवणाऱ्याच्या श्वासाशी जोडलेला वाटू लागतो. व्हायब्रॅटो खोटा वाटण्याचे कारण अनेकदा तो पहिल्या क्षणापासून पूर्ण तीव्रतेने सुरू होणे, हेच असते.

आपल्या संगीताच्या कानाने पाहिले तर येथे आणखी एक कसोटी लागते. दरबारी कानड्यातील आंदोलित कोमल गंधार साइन लहरीने उभा करू पाहिला तर निराशा होते, कारण ते आंदोलन मंद असते, समान अंतराने येत नाही, आणि त्याचा चढ व उतार एकसारखा नसतो. सर्जमधील एमएसईजी या प्रकारात लहरीचा आकार बिंदू-बिंदूने हाताने काढता येतो, आणि दुसऱ्या एलएफओवर मंद नॉइज (यादृच्छिक लहर) लावून पहिल्याची गती किंचित डळमळती ठेवता येते. या दोहोंनी बरीच जवळीक साधते. तरी गायक शेजारच्या स्वराचा आधार घेऊन जे करतो, ते या साधनाच्या आवाक्याबाहेरच राहते, आणि त्याने तसा दावाही केलेला नाही. तालाच्या बाबतीत मात्र समाधान पूर्ण आहे: क्रमाक्रमाने ठरलेली मूल्ये देणाऱ्या, सोळा पायऱ्यांच्या स्टेप सिक्वेन्सर या एलएफओ प्रकाराची आवर्तनसीमा सातवर आणली की रूपक, दहावर आणली की झपताल, एका पायरीला एक मात्रा धरून गती प्रकल्पाच्या टेम्पोशी बांधली की फिल्टरचा झोका समेवर अचूक परततो.

उणिवाही सांगायला हव्यात. गतीची कमाल मर्यादा ५१२ हर्ट्झ असली, तरी मॉड्युलेशनची, म्हणजे लहरीने घडवलेल्या बदलांची, गणना ३२ नमुन्यांच्या (ध्वनीच्या क्षणिक मापांच्या) गटागटाने होते, म्हणून त्या टोकाला लहर गुळगुळीत राहत नाही. ऐकू येणाऱ्या गतीचे मॉड्युलेशन हवे असेल तर ऑसिलेटरमधील एफएमकडेच (एका लहरीने दुसरीची वारंवारता बदलण्याच्या पद्धतीकडेच) जावे. दुसरी अडचण पडद्याची आहे. नियंत्रणे दाटीने मांडलेली आहेत आणि एलएफओचा प्रकार बदलला की डिफॉर्म या एकाच स्लायडरचे काम बदलते: नॉइजमध्ये तो लहरीची उसळी कमी-अधिक करतो, तर स्टेप सिक्वेन्सरमध्ये पायऱ्यांचे कोपरे मऊ करतो. डोळ्यांनी पाहून शिकणाऱ्याला मॅट टायटेल यांचा २०२० साली आलेला व्हायटल हा सिंथेसायझर अधिक सोपा जाईल, कारण त्यात एलएफओचा वक्र मोठ्या चौकटीत ओढून काढता येतो आणि त्याचा परिणाम संबंधित नॉबभोवती हलताना दिसतो. त्याचीही मूळ आवृत्ती मोफत आहे. व्हॉइस आणि सीन यांचा स्पष्ट भेद हवा असणाऱ्याने मात्र सर्जच निवडावे.

सुरुवात टेम्प्लेट विभागातील इनिट सॉ या प्रीसेटपासून (जतन केलेल्या तयार आवाजापासून) करावी आणि एका वेळी एकच एलएफओ जोडावा. तयार प्रीसेट पुष्कळ आहेत, पण त्यांतील अनेकांत इतकी जोडकामे झालेली असतात की कोणती लहर काय करते आहे हे ओळखणे कठीण जाते. असा एखादा प्रीसेट आवडलाच, तर मॉड्युलेशन लिस्ट उघडून त्यातील जोडण्या एकेक करून बंद कराव्यात आणि प्रत्येक वेळी तोच स्वर धरून ऐकावा.