अडकलेले १८ लाख ४० हजार आणि कर्वे रोडवरची वकिलांची फर्म

भोसरी एमआयडीसीत माझं मशीनिंगचं वर्कशॉप आहे. तीन सीएनसी, दोन जुनी लेथ, अकरा माणसं. मुंबईच्या एका कंपनीने माझे १८ लाख ४० हजार थकवले. फोन करून करून मी थकलो, तेव्हा सात महिन्यांपूर्वीच्या मालावर त्यांनी रिजेक्शनची डेबिट नोट पाठवली, म्हणजे माल नापास म्हणून पैसे कापल्याची चिठ्ठी. आमच्या सीएंनी कर्वे रोडवरची एक फर्म सुचवली. नाव लिहीत नाही. एकतर वकिलांना जाहिरातीची बंदी आहे, दुसरं म्हणजे माझ्या थोड्या तक्रारीही आहेत.

त्या बंदीपायीच त्यांची वेबसाइट उघडली की आधी ‘मला मान्य आहे’ असं बटण दाबावं लागतं. मग वकिलांची माहिती दिसते. मोठे पार्टनर मुंबईचे सॉलिसिटर, लंडनचं एलएलएम, मोठमोठ्या लवादांचा अनुभव. सल्लागार म्हणून एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश. सगळ्यात खाली एका मॅडमची दोन ओळींची माहिती: बी.कॉम., पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजमधून एलएलबी, सहा वर्षं प्रॅक्टिस. पार्टनरसाहेबांनी वीस मिनिटं ऐकून घेतलं आणि फाइल या मॅडमकडे दिली. माझं तोंड पडलं, खोटं कशाला बोलू.

मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, “उद्यम नोंदणी माल पाठवण्याआधीची आहे ना?” म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंदणी. होती. दुसरा प्रश्न, “चलानांवर त्यांच्या गेटचे इनवर्ड शिक्के आहेत का?” हेही होते, पण एका गोणीत, बिलांच्या गठ्ठ्यांखाली. त्यांनी लेजर आणि चलानं समोरासमोर ठेवून दीड तासात तारखा जुळवल्या. २००६ च्या एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात असं आहे की माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्या दिवशीच स्वीकारला असं धरतात. डेबिट नोट आली सात महिन्यांनी. वीस वर्षं धंदा करून हे मला माहीत नव्हतं, आणि आमच्या लाइनमधल्या कुणाला आहे असंही वाटत नाही.

पर्चेस ऑर्डरच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं की वाद झाल्यास लवाद, म्हणजे कोर्टाऐवजी निकाल देणारा पंच, मुंबईत, आणि तो नेमणार त्यांचाच एमडी. मी घाबरलो होतो. मॅडम म्हणाल्या, असा एकतर्फी नेमलेला लवाद २०१९ पासून टिकत नाही. शिवाय २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की करारात लवादाचं कलम असलं तरी लघुउद्योजक फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जाऊ शकतो, आणि तेही आपल्या भागातल्या. म्हणजे मुंबईच्या चकरा वाचल्या. कौन्सिलसाठी सरकारच्या समाधान पोर्टलवर अर्ज गेला.

कायद्यात निकालाला ९० दिवस लिहिलेत. आम्हाला तेरा महिने लागले. त्यात दोनदा ऐनवेळी भलताच ज्युनिअर आला, त्याला फाइलमधलं ओ की ठो माहीत नव्हतं. तारीख पुढे गेली, त्या तारखेचे ७,५०० मात्र बिलात आले. मी भांडलो, तेव्हा एका तारखेचे कमी केले. झेरॉक्सचं वेगळं बिल ३,१०० रुपये! मी त्यांना म्हटलंही, एवढ्यात माझ्याकडे एक जुनं मशीन येईल.

फीचं मात्र पहिल्या दिवशीच लेखी दिलं होतं. मी म्हटलं, “तारखांचं राहू द्या, वसूल होतील त्यातले दहा टक्के घ्या.” पार्टनरसाहेब हसून म्हणाले, “तसं घेता येत नाही, सनद जाईल.” बार कौन्सिलचा नियमच आहे म्हणे. आमच्या ओळखीतले एक वकील टक्केवारीवर काम करायला तयार होते, त्यांच्याकडे गेलो नाही ते बरंच झालं.

शेवटी कौन्सिलपुढच्या समेटाच्या बैठकीतच प्रकरण मिटलं. थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. आणि निकाल त्या कंपनीच्या विरोधात गेला तर कोर्टात आव्हान द्यायला तिला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. मॅडमनी हा हिशेब एका कागदावर मांडून समोरच्या वकिलांपुढे सरकवला. आवाज चढवला नाही की काही नाही. मुद्दल पूर्ण, व्याजातलं निम्मं सोडलं, तीन हप्ते. ते निम्मं सोडताना माझा जीव तुटत होता. मॅडम म्हणाल्या, “काका, लवादात अजून दीड वर्ष काढायची तयारी असेल तर नाही म्हणा.” मी सही केली.

पाचपैकी चार तारे. ज्यांना जायचंय त्यांनी लंडनवाल्यांच्या भेटीसाठी अडून बसू नका, बी.कॉम.वाल्या मॅडमच मागून घ्या, आणि चलानं आधीच तारखेप्रमाणे लावून न्या. लिफ्ट बहुतेक वेळा बंद असते, ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. गोणी मी डोक्यावर घेऊन चढलो होतो.