जुन्या पिकपच्या केबिनची गळती: पाच महिने आणि एक अख्खा पावसाळा चालवल्यावर

आमची पिकप २००८ची. मंडप-डेकोरेशनचा धंदा, म्हणजे वर्षभर बांबू, कनाती, खुर्च्या आणि भाद्रपदात गणपती. बडोद्यात दांडिया बाजारला राहतो, गाडी रस्त्यावरच उभी असते, वर एक कडुलिंब आहे तेवढीच सावली. या कडुलिंबाचा पुढे मोठा हात आहे.

झालं असं की सलग दोन पावसाळे केबिनमध्ये पाणी. थेंब-बिंब नाही, रात्रभर पाऊस पडला की सकाळी मॅट उचलायची आणि खाली चपचप. आधी वाटलं पुराचंच उरलेलं असेल, कारण २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री गावात शिरली तेव्हा गाडी नदीकडच्या गोडाऊनपाशी होती आणि चाकं पूर्ण बुडालेली. मेकॅनिकही तेच म्हणाला, पुराचं पाणी फोमात बसलंय, उन्हात ठेवा. ठेवली की. उन्हात सुकते आणि पुढच्या पावसात परत तेच. मग एका रात्री दोन वाजता हॉर्न आपोआप सुरू झाला. फ्यूज बॉक्समध्ये पाणी उतरलेलं. बॅटरीची वायर काढेपर्यंत अख्ख्या गल्लीत खिडकी-खिडकी उजळली, समोरच्या आजींनी दुसऱ्या दिवशी आमच्या आईला सांगितलं, "तुमचा दिलीप रात्री कुठून वरात आणतो गं?"

आता माझी चूक आधी सांगतो. पहिल्या वर्षी मी काय केलं, तर सिलिकॉनची ट्यूब आणली आणि समोरच्या काचेच्या रबराला सगळीकडून फासली. शोधलं काहीच नाही. पाणी समोरून येतंय म्हणजे काचच असणार! पंधरा दिवस बरं वाटलं (पाऊसच नव्हता ते सोडा), मग परत. परत एक ट्यूब. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ना, ते उघड्या पत्र्यावर लावूच नका, त्यातलं अ‍ॅसिड पत्रा खातं. आणि एकदा ते लागलं की त्यावर ना रंग धरत ना दुसरं सीलंट, पातळ थर राहतोच कितीही घासा. हे मला नंतर कळलं, काच काढली तेव्हा. सिलिकॉन रबर बँडसारखं ओढून निघालं आणि खाली पत्र्याची कड पापडासारखी फुललेली.

या वर्षी मे महिन्यात ठरवलं की आधी शोधायचं, मग हात लावायचा. आमच्या इथे एक म्हातारे डेंटर काका आहेत, गुजराती, त्यांनी एकच गोष्ट सांगितली, "पाणी देखाय त्यां होय नहीं, भाई." दिसतं तिथे नसतं. पत्र्याच्या आतून, वायरिंगच्या गुच्छावरून, पिलरमधून (काचेच्या बाजूचा, छत धरणारा पत्र्याचा पोकळ खांब) वाट काढत येतं आणि शेवटी जिथे सगळ्यात खोल भाग तिथे पडतं. म्हणून पायाशी पाणी आहे यावरून काहीच कळत नाही.

मग रविवारी पद्धत अशी केली. सीट आणि मॅट बाहेर, छताचं रेग्झिन पुढच्या कडेने सोडवलं, केबिन पूर्ण कोरडी केली, खाली वर्तमानपत्रं पसरली, आणि पिलरच्या आतल्या बाजूला, डॅशबोर्डच्या खाली टाल्कम पावडर भुरभुरवली. पावडरवर पाण्याचा ओघळ एकदम स्पष्ट उमटतो. पुतण्या आत टॉर्च घेऊन, मी बाहेर साध्या पाइपने. वॉशिंग सेंटरचं प्रेशर नको, त्याने चांगल्या रबरातूनही पाणी घुसतं आणि फुकट घोळ होतो. आणि महत्त्वाचं म्हणजे खालून वर जायचं. आधी दाराचा खालचा भाग, मग दाराची कड, मग वायपरखालची जाळी, मग काच, शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी पाचेक मिनिटं. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडेच ओघळतं, मग कोण चोर ते कसं ओळखणार.

जाळीवर पाइप धरला आणि तीन-चार मिनिटांत डाव्या बाजूला धार. जाळी एका कोपऱ्यात तुटलेली होती, तिथून कडुलिंबाची पानं वर्षानुवर्षं आत पडून त्याचा काळा चिखल झालेला, पाणी जायची दोन्ही भोकं बंद. मग ते पाणी साचून ब्लोअरच्या हवेच्या तोंडातून केबिनमध्ये. मी चिखल काढला तो पाऊण घमेलं निघाला, आणि त्यात एक छोटं रोप उगवलेलं होतं, शप्पथ. हा निम्मा प्रॉब्लेम शून्य रुपयांत सुटला.

काचेवर पाणी, तर खालच्या उजव्या कोपऱ्यात थोडा ओलावा. ठीक, ते अपेक्षितच होतं. पण ड्रायव्हरच्या पायाशी पडणारं खरं पाणी अजून सापडेना. मी वैतागून पाइप छतावर टाकला आणि चहा घ्यायला वळलो तोच आतून ओरडा, "काका, बंद करा, आलं आलं!" पावडरवर बोटभर रुंद रेघ, पिलरच्या वरून सरळ खाली, फ्यूज बॉक्सच्या मागे. रेग्झिन अजून मागे ओढलं तर बांबू ठेवायला आम्हीच छतावर कॅरियर बसवलेलं त्याचे चार बोल्ट, त्यातल्या पुढच्या उजव्या बोल्टच्या खालचं रबरी वॉशर चुरा होऊन गेलेलं. दोन वर्षं मी काचेला शिव्या घातल्या आणि भोक मीच पाडलेलं.

मग दुरुस्ती. कॅरियर काढलं, गंज घासला, रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज थोपवणारं रसायन) लावलं, प्राइमर मारला, एक दिवस सुकू दिलं, मग प्रत्येक पायाखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, दाबून बोल्ट कसले, बाहेर आलेली टेप कापून टाकली. छताच्या कडेची नाली असते तिचं जुनं सीलिंग तडकलेलं दिसलं, तिथे पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरून वरून रंगाचा हात मारला. काच मात्र काचवाल्याकडून काढून घेतली, कड साफ करून नवीन रबर. ते बसवणं बघण्यासारखं असतं. रबर आधी काचेवर चढवतात, आतल्या खाचेत सुतळी घालतात, साबणाचं पाणी लावून काच जागेवर ठेवतात, मग एक जण बाहेरून तळव्याने थोपटतो आणि दुसरा आतून सुतळी हळूहळू ओढतो, तसतशी रबराची ओठी पत्र्यावर चढत जाते. वीस मिनिटांचं काम. रबर अकराशे, मजुरी आठशे, टेप आणि सीलंट मिळून साडेसातशेच्या आसपास.

आता पाच महिन्यांचा हिशोब. ब्यूटाइल टेप एक नंबर. ती कडक होतच नाही, त्यामुळे पत्रा तापला, हलला, बांबूचं वजन पडलं तरी धरून आहे. फक्त मेच्या उन्हात थोडी बाहेर फुगली होती, एकदा कापावी लागली. काचेचं नवीन रबर कोरडं. पीयू सीलंटही पक्कं, पण ज्या एका ठिकाणी रंग लावायचा राहिला तिथे पिवळं पडून वरून खडूसारखं झालंय. जाळीचं म्हणाल तर तुटलेल्या कोपऱ्यावर मच्छरदाणीची जाळी चिकटवली आणि दर पंधरा दिवसांनी पानं काढतो. हे विसरलं की गेलं, ऑगस्टमध्ये एकदा विसरलो आणि डावी मॅट ओली.

दाराचं बाजारातलं मीटरवर मिळणारं रबर घेतलं ते मात्र फसलं. बसवताना छान, पण दोन महिन्यांत दबून चपटं झालं. दारात कागद अडकवून ओढून बघायचा, घट्ट यायला हवा. माझा खालच्या कोपऱ्यात सहज सरकून येतो. दाराच्या पॅडमागचा प्लास्टिकचा कागदही काच दुरुस्त करताना कोणीतरी फाडून ठेवलेला, तो नवीन लावला आणि दाराच्या खालची पाणी जायची भोकं सायकलच्या स्पोकने मोकळी केली. दारात पाणी जाणारच, ते खालून बाहेर पडलं पाहिजे इतकंच.

गणपतीत सलग तीन दिवस धो-धो पाऊस होता, मूर्ती ताडपत्रीखाली आणि पावती पुस्तक डॅशबोर्डवर, कोरडं. हॉर्न तेव्हापासून गप्प आहे. डाव्या दाराचं रबर दिवाळीनंतर बदलतोय, या वेळी मीटरवालं नाही, गाडीच्या मापाचंच.