नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडच्या वह्या : आडनावाचं मूळ शोधायला नक्की जा (४/५)

माझं माहेरचं आडनाव पारसनीस. कॉलेजपासून लोक विचारत आलेत, पारशी का तुम्ही, इराणकडून आलात का, आणि हल्ली तर आमच्याच फॅमिली ग्रुपवर कोणीतरी तसं ठासून लिहायला लागलंय, म्हणून ठरवलं की आता नीट बघायचंच. एका कंपनीचं डीएनए किट मागवलेलं, नळीत लाळ भरून पाठवायची ते, रिपोर्टमध्ये दक्षिण आशियाचा रंगवलेला नकाशा आला, बस. आडनाव रक्तात थोडंच असतं!

आडनावाचा अर्थ तसा सरळ आहे, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस. मोगलांशी, निजामाशी पत्रं फारसीत चालायची, त्यासाठी दरबारात माणूस लागायचा. चिटणीस, पोतनीस, पागनीस हे पण असेच हुद्दे. पण हुद्द्यावरून माणूस मूळचा कोण ते कळत नाही ना. नाना फडणवीसांचं मूळ आडनाव भानू, गाव कोकणातलं वेळास, पेशवे मूळचे श्रीवर्धनचे भट. हुद्द्याच्या खाली जुनं नाव दबून गेलेलं असतं, आणि ते सापडायची जागा म्हणजे नाशिकच्या गुरुजींकडच्या या वह्या, तीर्थाला आलेल्या माणसांची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद असते त्यांत.

पंचवटीत रामकुंडाजवळ कुणालाही विचारा, तुमच्या गावाचे गुरुजी कोण ते सांगतात. गाव आणि जात यावरून यजमान वाटलेले असतात, त्यामुळे मूळ गाव माहीत नसेल तर फार हिंडावं लागतं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधीच विचारून ठेवा. मला गुरुजींनी पहिलं विचारलं, "ताई, माहेरचं बघायचं का सासरचं?" मग बासन सोडून लांबट वह्या काढल्या. प्रत्येक लेखात येणाऱ्याचं नाव, बाप, आजा, भाऊ, मुलं, गाव, आणि खाली बऱ्याचदा त्याचं स्वतःचं अक्षर. पणजोबांची सही बघून मला अक्षरशः भरून आलं. त्याच्या मागचे लेख मोडीत, ते गुरुजींनी घडाघडा वाचले, आणि सगळ्यात जुन्या लेखात आम्ही नुसते कुलकर्णी, वाई परगण्यातल्या एका गावचे, पारसनीस पुढच्या पिढीपासून लागलंय. म्हणजे इराण वगैरे काही नाही, साताऱ्याकडचीच माणसं, फारसी शिकून नोकरीला लागलेली! मला याचा प्रचंड अभिमान वाटला.

दक्षिणा ठरलेली नाही, आपण द्यावी तशी. सिंहस्थात किंवा श्राद्धपक्षात जाऊ नका, गुरुजींना श्वास घ्यायला वेळ नसतो. फोटो काढायला आधी विचारा, सगळे देत नाहीत. साल शकात असतं, त्यात ७८ मिळवले की साधारण इसवी सन येतं. आणि घरातलं कोणी तीर्थाला गेलंच नाही तर ती पिढी वहीत नसते, मध्ये खड्डा पडतो.

एक स्टार कापला तो मुलींसाठी. आमच्या पानावर सुना आहेत, पण लेकींचा पत्ताच नाही, आत्या, आजीच्या बहिणी, कोणीच नाही. मी तिथेच नवीन लेख लिहून घेतला, स्वतःचं आणि माझ्या मुलीचं नाव घालून, गुरुजींनी एका शब्दाने हरकत घेतली नाही. तुम्ही पण जाल तेव्हा लेकींची नावं सांगा, विचारायची वाट बघू नका.